घरगुती सीएनसी मिलिंग: दर नगाला एक्स थोडा थोडा सरकतो, त्याचं कारण आणि उपाय

आधी लक्षण सांगतो, म्हणजे तुमच्या सीएनसीचं, म्हणजे कॉम्प्युटरवरून चालणाऱ्या मिलिंग मशीनचं, दुखणं हेच आहे का ते लगेच ताडता येईल.

फिक्स्चरवर, म्हणजे नग धरून ठेवणाऱ्या साच्यावर, बारा नग ओळीनं लावलेत. पहिला मापात येतो. दुसराही येतो, निदान व्हर्नियरला तरी. सहाव्या-सातव्याला शंका यायला लागते आणि बारावा उघड उघड चुकलेला असतो. प्रोग्रॅम संपतो, टेबल शून्यावर परत येतं, स्क्रीनवर ०.००० दिसतं, पण टेबल खरं तिथं नसतं. सरकणं नेहमी एकाच बाजूला. मधे मोटर अडखळल्याचा आवाज नाही, कटर मोडलेला नाही, अलार्म नाही. पुन्हा शून्य लावलं की पुन्हा पहिला नग उत्तम.

माझ्याकडं हा त्रास दोनदा आला. पहिल्यांदा कारण सापडायला जवळजवळ दोन महिने गेले, दुसऱ्यांदा वीस मिनिटं. ते दोन महिने तुमचे जाऊ नयेत म्हणून हे सविस्तर लिहितोय.

मशीनची माहिती थोडक्यात. सांगलीत गावभागात आमचं जुनं घर आहे, त्याच्या पडवीत मशीन बसवलंय. पाया २० मिमी एमएस प्लेटचा, प्लेटा कुपवाड एमआयडीसीतून ग्राइंड करून आणलेल्या. १५ च्या गाइड रेल, तिन्ही ॲक्सिसना (एक्स डावी-उजवी, वाय पुढं-मागं, झेड वर-खाली) १६ मिमी व्यासाचे आणि ५ मिमी लीडचे बॉलस्क्रू, नेमा २३ स्टेपर मोटरी (विजेच्या प्रत्येक ठोक्याला, म्हणजे पल्सला, ठरलेलं पाऊल फिरणाऱ्या), त्यांना करंट पुरवणारे टीबी ६६०० जातीचे ड्रायव्हर, ३६ व्होल्टचा पॉवर सप्लाय, अर्डुइनो उनो या छोट्या बोर्डावर जीआरबीएल १.१ (प्रोग्रॅम वाचून ड्रायव्हरला पल्स पाठवणारं सॉफ्टवेअर). स्पिंडल ८०० वॉटचा, व्हीएफडीवर (स्पिंडलचा वेग कमी-जास्त करणाऱ्या यंत्रणेवर) चालतो. मोटरच्या एका फेऱ्यात २०० स्टेप, ड्रायव्हरवर आठ मायक्रोस्टेप लावलेत, म्हणजे फेऱ्याला १६०० पल्स. फेऱ्याला टेबल ५ मिमी जातं, म्हणून मिलिमीटरला ३२० पल्स आणि एका पल्सला ०.००३१२५ मिमी. हा शेवटचा आकडा आपल्या मशीनचा काढून भिंतीवर लिहून ठेवा. पुढं सगळा हिशेब त्याच्यावर आहे.

जॉब असा. माझे दाजी तासगावकडं द्राक्षबागांचे फवारणीचे ब्लोअर दुरुस्त करतात. ब्लोअरच्या नोझलमध्ये एक पितळी चकती असते. माझी चकती १८ मिमी व्यासाची, ३ मिमी जाड, मध्ये भोक, आणि एका तोंडावर दोन खाचा: एक डाव्या कडेकडून आत येणारी, केंद्राच्या वरच्या अंगानं, दुसरी उजव्या कडेकडून, केंद्राच्या खालच्या अंगानं. औषधाचं पाणी या दोन खाचांतून आडवं आत शिरतं, गरगर फिरतं आणि नोझलमधून बाहेर पडताना शंकूसारखं पसरतं. दोन्ही खाचा सारख्या लांबीच्या आणि सारख्या खोलीच्या असल्या तर शंकू सारखा पडतो. एक खाच लांब आणि दुसरी आखूड झाली की फवारा एका अंगाला जड होतो, आणि ऑक्टोबर छाटणीनंतर कोवळी फूट असताना वेलीची एक बाजू कोरडी राहिली तर ते बागायतदाराला परवडत नाही. म्हणून चकतीतले मिलिमीटरचे पाच-दहा शतांश मला महत्त्वाचे वाटतात, जरी ती भंगाराच्या भावानं मोजली जाणारी पितळेची टिकली असली तरी.

लेथवर कापून भोक पाडलेल्या चकत्या मी फिक्स्चरच्या बारा खळग्यांत, २२ मिमी अंतरावर, मधल्या भोकातून एम ३ स्क्रूनं आवळतो. २ मिमी कार्बाइड एंड मिल, १२,००० आरपीएम, मिनिटाला २४० मिमी फीड, ०.३ मिमीची एक पास, चार पासमध्ये १.२ मिमी खोल खाच. कटर डावीकडून उजवीकडं जातो, खाली उतरतो, उजवीकडून डावीकडं येतो, असे एकूण चार पास.

दाजींनीच पहिल्यांदा सांगितलं. “बारापैकी शेवटच्या चार चकत्यांचा फवारा वाकडा पडतोय बघा. पहिल्यांचा नाही.” मी नग क्रमानं पुडीत बांधून दिले होते म्हणून हे त्यांच्या लक्षात आलं. तुम्हीही नगांवर मार्करनं नंबर घाला. नंबर नसते तर ‘काही नग चुकतात’ एवढंच कळलं असतं, आणि ‘काही नग चुकतात’ यावरून कुठलंच निदान होत नाही.

मी कुठं कुठं चुकलो

प्रोग्रॅम संपल्यावर डायल (मिलिमीटरचे शतांश दाखवणारा काट्याचा गेज) लावून पाहिलं तर एक्स ०.३० मिमी उजवीकडं सरकलेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा बारा नग, पुन्हा ०.३०.

आता स्टेपरबद्दल एक गोष्ट ज्यांना माहीत आहे त्यांना हा आकडा बघून तेच वाटेल जे मला वाटलं. आपल्या नेहमीच्या १.८ अंशाच्या स्टेपरच्या रोटरला ५० दात असतात. भार जास्त झाला, वेग एकदम वाढला, आणि रोटर मागं पडला, तर तो मन मानेल तिथं थांबत नाही. सरळ पुढच्या किंवा मागच्या दातात जाऊन बसतो. एक दात म्हणजे चार फुल स्टेप. ५ मिमी लीडला ५० दात, म्हणजे एका दाताला बरोबर ०.१ मिमी. म्हणून खऱ्या अर्थानं स्टेप चुकली की घोटाळा ०.१, ०.२, ०.३ असाच येतो. माझा ०.३० होता. तीन दात. मी ठरवून टाकलं की मोटर कमी पडतेय.

मग ॲक्सिलरेशन २०० वरून ५० वर आणलं. फरक नाही. ड्रायव्हरचा करंट एक खाच वर चढवला. फरक नाही, मोटर मात्र हाताला चटका बसेल इतकी तापायला लागली. शेवटी एक्सला जास्त टॉर्कची मोटर आणून बसवली, त्यासाठी ब्रॅकेटला नवी भोकं पाडली. ०.३०.

मग संशय कपलिंगवर, म्हणजे मोटर आणि स्क्रू जोडणाऱ्या तुकड्यावर, गेला. हा संशय रास्त आहे आणि तपासायला दोन मिनिटं लागतात, तेव्हा हा पहिल्यांदाच तपासून घ्या: मोटरचा शाफ्ट, कपलिंग आणि स्क्रू या तिघांवर मिळून मार्करची एक सरळ रेघ ओढायची आणि जॉब चालवायचा. रेघ तुटली तर ग्रब स्क्रू (कपलिंग शाफ्टवर आवळणारा बारीक स्क्रू) घसरतोय. ग्रब स्क्रू शाफ्टच्या सपाट भागावरच बसला पाहिजे, गोल भागावर आवळून उपयोग नाही, कितीही आवळा. माझी रेघ अखंड होती.

त्यानंतर वायरी. इथं थोडं मागं जावं लागेल. २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णेचा पूर आला तेव्हा पडवीत पाणी शिरलं. कंट्रोलची पेटी आम्ही वेळेत वर उचलली म्हणून वाचली. तेव्हापासून ती पेटी भिंतीवर, डोक्याएवढ्या उंचीवर टांगलीय, आणि पुन्हा तशी वेळ आली तर पटकन सोडवता यावी म्हणून सगळी जोडणी नव्यानं, कमीत कमी तारांत केली. ड्रायव्हर खाली मोटरींजवळच ठेवले, त्यांना चटकन उचलता येतं. त्यामुळं अर्डुइनो ते ड्रायव्हर या सिग्नलच्या तारा एकदम लांब झाल्या, अडीच मीटर. सरकण्याचा त्रास त्या पेटीनंतरच सुरू झाला होता. साहजिकच वाटलं की लांब तारांत व्हीएफडीचा नॉइज शिरतोय.

शील्डेड केबल टाकली, शील्ड फक्त पेटीच्या बाजूला अर्थ केली, स्पिंडलची केबल वेगळ्या मार्गानं फिरवली. हे सगळं करायलाच हवं होतं, आणि मशीनला अर्थिंग नीट नसेल तर माझं ऐका, बाकी सगळं सोडून आधी ते करा, कारण व्हीएफडीच्या मशीनला हात लावून तुम्ही उभे असता. पण सरकणं? ०.३०.

पेटीवरचा संशय बरोबर होता. पण पेटीबरोबर तारांच्या लांबीशिवाय आणखी एक गोष्ट बदलली होती, आणि ती माझ्या ध्यानातच नव्हती.

दहा नग

आमच्या शेजारी एक काका आहेत, किर्लोस्करवाडीला उभी हयात लेथवर काढलेले. संध्याकाळी पडवीत येऊन बसतात. मी एव्हाना दुसरा पॉवर सप्लाय मागवायच्या बेतात होतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “किती सरकतंय ते रोज सांगतोयस. कशानं वाढतंय ते सांग की. आज बारा नको, दहाच नग लाव बघू.”

दहा नग लावले. शेवटी डायल पाहिली: ०.२५.

मी पुन्हा पाहिली. काटा २५ व्या रेघेवर. अडीच दात असा प्रकार नसतो. मोटर चुकली असती तर ०.२० आलं असतं किंवा ०.३०. सहा नग लावले: ०.१५. मग एकच नग: दोन रेघा आणि तिसरीच्या मध्ये, म्हणजे साधारण ०.०२५. बाराचं ०.३० हे तीन दातांशी जुळणं निव्वळ योगायोग होता, आणि त्या योगायोगानं माझे दोन महिने खाल्ले.

काकांच्या प्रश्नात सगळं आलं. चूक कशाबरोबर वाढते? वेळेबरोबर वाढत असेल तर उष्णता बघा. अंतराबरोबर वाढत असेल तर स्केल बघा, म्हणजे मिलिमीटरला पल्स किती ते; पण ती चूक शून्यावर परत आलं की नाहीशी होते. भाराबरोबर वाढत असेल तर मोटर, फीड, कटरची धार. कशाशीच मेळ नसेल, आज इतकं उद्या तितकं, तर नॉइज किंवा सैल जोड. आणि बॅकलॅश, म्हणजे स्क्रू-नटमधली ढिलाई, असेल तर तो साठत नाही. एका बाजूनं आलं की एक आकडा, दुसऱ्या बाजूनं आलं की दुसरा, शंभर वेळा गेलं तरी तेवढाच. माझी चूक दर नगाला ठरलेली होती, शतांशाच्या चौथ्या भागापर्यंत ठरलेली. इतकी शिस्तशीर चूक लोखंडातून येत नाही. ती हिशेबातून येते.

मग नगात काय ठरलेलं आहे ते मोजायला बसलो. दोन खाचा, प्रत्येकी चार पास. एक्स दर नगाला चार वेळा उजवीकडून डावीकडं वळतो आणि चार वेळा डावीकडून उजवीकडं. ०.०२५ भागिले ४ म्हणजे ०.००६२५. आणि ०.००६२५ म्हणजे बरोबर दोन पल्स. दर फेरीला दोन पल्स.

खात्रीची चाचणी

ही तुम्ही स्पिंडल बंद ठेवून, कटर काढून, दहा मिनिटांत करू शकता. मॅग्नेटिक बेस पक्क्या जागी लावा, डायलचं टोक टेबलाला अशा बाजूनं टेकवा की टेबल डायलपासून दूर जाईल आणि परत येऊन टेकेल. उलटं केलं तर डायल मोडेल. प्रोग्रॅम अगदी साधा: एक्स १० मिमी जायचं, शून्यावर यायचं, शंभर वेळा. पहिली फेरी झाल्यावर थांबवून डायल शून्य करा, म्हणजे प्रत्येक वेळी एकाच बाजूनं येणं होतं आणि बॅकलॅश मापात येत नाही.

माझ्याकडं शंभर फेऱ्यांना ०.६२ ते ०.६३ आलं. हिशेबानं ०.६२५. मग शंभर फेऱ्या पण १० ऐवजी १ मिमीच्या: तेवढंच. मग १०० मिमीच्या दहा फेऱ्या, म्हणजे एकूण अंतर पहिल्याइतकंच: फक्त ०.०६. अर्ध्या वेगानं: तेच. स्पिंडल सुरू ठेवून: तेच. आता अंतर, वेग, भार आणि नॉइज चौघेही सुटले. उरलं फक्त वळणं.

वाय ॲक्सिसवर हीच चाचणी घेतली तर तोही तेवढाच सरकला. माझ्या जॉबमध्ये वाय क्वचित वळतो म्हणून ते दिसलं नव्हतं. झेडही सरकत होता. जुन्या पुडीतली बारावी चकती काढून खाचेची खोली मोजली, ती १.२ च्या जागी १.०६ भरली. खोली मी तोपर्यंत पहिल्याच नगाची मोजत होतो.

कारण

ड्रायव्हरला दोन सिग्नल जातात. एक पल्स, ‘एक पाऊल टाक’. दुसरा दिशा, ‘डावीकडं’ की ‘उजवीकडं’. दिशेचा सिग्नल आधी पोचून स्थिर झाला पाहिजे आणि मग पल्स आला पाहिजे. मधे किती वेळ लागतो ते ड्रायव्हरवर अवलंबून असतं. चांगल्या ड्रायव्हरलाही काही मायक्रोसेकंद द्यावे लागतात. जीआरबीएल मात्र मुळातल्या सेटिंगमध्ये दिशा बदलते आणि लगोलग पल्स सुरू करते, मधे जवळजवळ काहीच अंतर नाही.

ड्रायव्हरच्या आत दोन्ही सिग्नल ऑप्टोकप्लरमधून जातात: एक बारीक एलईडी लागतो आणि समोरचा प्रकाशाला जागा होणारा ट्रान्झिस्टर चालू होतो. साध्या ऑप्टोचा स्वभाव असा की तो चालू पटकन होतो, बंद व्हायला वेळ घेतो. म्हणजे दिशा एका बाजूनं बदलताना ती पल्सच्या आधी पोचते, दुसऱ्या बाजूनं बदलताना पल्स पुढं निघून जातो. अशा वेळी वळणानंतरचं पहिलं पाऊल जुन्याच दिशेला पडतं. टाकायचं होतं एक पाऊल मागं, पडलं एक पाऊल पुढं. फरक दोन पल्सचा. दोन्ही वळणांवर हे घडलं असतं तर जमाखर्च फिटला असता आणि कुणाला कळलंही नसतं. पण ऑप्टोची सुस्ती एकाच बाजूला असते, म्हणून चूक एकाच दिशेला साठत जाते.

आणि पुराआधी हे का होत नव्हतं? तेव्हा माझी जोडणी वेगळी होती. ड्रायव्हरच्या सगळ्या ‘प्लस’ टोकांना ५ व्होल्ट एकत्र दिले होते आणि अर्डुइनो ‘मायनस’ टोकं शून्य व्होल्टला ओढायचा. त्या जोडणीत पल्सच्या सुरुवातीला एलईडी विझतो आणि पल्स संपताना लागतो. ड्रायव्हर एलईडी लागल्यावर पाऊल टाकतो, म्हणजे पल्सच्या शेवटी. पल्स १० मायक्रोसेकंदांचा, तेवढा वेळ दिशेला आपोआप मिळत होता. पेटी भिंतीवर नेताना मी तारा कमी करायला सगळी ‘मायनस’ टोकं एकत्र ग्राउंडला बांधली आणि सिग्नल ‘प्लस’ला दिला. मोटरी फिरल्या, टेबल हललं, मी समाधानानं पेटीचं झाकण लावलं. पण आता पाऊल पल्सच्या सुरुवातीलाच पडायला लागलं होतं आणि दिशेचे ते १० मायक्रोसेकंद गेले होते.

यात ड्रायव्हर वाईट नाही आणि जीआरबीएलही चुकीची नाही. दोन्ही जोडण्या मोटर फिरवतात, म्हणून फरक ध्यानात येत नाही.

उपाय

जीआरबीएलमध्ये $२ ही सेटिंग पल्सची बाजू उलटी करते. एक्सचा १, वायचा २, झेडचा ४, तिन्ही मिळून ७. मी $२=७ केलं. आता पल्सच्या वेळी एलईडी विझतो आणि संपताना लागतो, पाऊल शेवटी पडतं, दिशेला वेळ मिळतो. त्याबरोबर $० म्हणजे पल्सची रुंदी १० वरून २० मायक्रोसेकंद केली, कारण आता त्या वेळात सुस्त ऑप्टोला पूर्ण विझायचंही असतं. २० नं वेगाला बाधा येत नाही: माझा सर्वात जास्त वेग मिनिटाला १५०० मिमी, म्हणजे सेकंदाला ८००० पल्स, दोन पल्समध्ये १२५ मायक्रोसेकंद. आपला हिशेब करून बघा, रुंदी आणि अंतर यांची गाठ पडता कामा नये.

सेटिंग बदलली आणि शंभर फेऱ्या चालवल्या. डायलचा काटा जिथं होता तिथं. मी उठून काकांच्या दारात गेलो आणि त्यांना पडवीत घेऊन आलो. मग दोघांनी मिळून आणखी पाचशे फेऱ्या बघितल्या. काटा अर्धी रेघसुद्धा सरकला नाही.

ज्यांची जोडणी ‘प्लस एकत्र’ अशी आहे आणि त्रास नाही, त्यांनी $२ ला हात लावू नये. तुमच्याकडं नेमकी उलटी अवस्था होऊन नवा त्रास सुरू होईल. ज्यांना सेटिंगपेक्षा जोडणीच बदलायची आहे त्यांनी ‘प्लस’ टोकं ५ व्होल्टला एकत्र करावीत, तेही तितकंच पक्कं आहे. तिसरा मार्ग म्हणजे जीआरबीएलच्या कॉन्फिग फाइलमध्ये दिशा आणि पल्स यांच्यामध्ये थांबण्याची सोय आहे ती चालू करून प्रोग्रॅम पुन्हा बोर्डात भरायचा. मला त्याची गरज पडली नाही. काहीही करा, पण त्यानंतर शंभर फेऱ्यांची चाचणी तिन्ही ॲक्सिसवर घ्याच. झेडसाठी टेबलाऐवजी स्पिंडलच्या ब्रॅकेटला डायल लावा.

जोडणीत एनेबलचं टोकही वापरलेलं असेल तर $१=२५५ आहे का बघा. मूळ किंमत २५ आहे, त्यात हालचाल थांबल्यावर २५ मिलिसेकंदांत मोटरींचा करंट तोडला जातो. करंट गेला की मोटर मायक्रोस्टेपवर धरून राहू शकत नाही, जवळच्या जागी बसते, आणि परत करंट आला की थोडी इकडची तिकडं होऊ शकते. याचंही सरकणं साठतं आणि तेही शंभर फेऱ्यांत दिसतं, फक्त आकडा इतका एकसारखा येत नाही.

दुसऱ्यांदा

दीड वर्षानं, पावसाळ्यात, अर्डुइनोचा बोर्ड गेला. नवा घेतला, जीआरबीएल भरली, मिलिमीटरला ३२० पल्स, वेग, ॲक्सिलरेशन आठवून भरलं, काम सुरू. दाजींचा फोन: “पुन्हा शेवटच्या चकत्या वाकड्या.”

नव्या बोर्डात $२ शून्य होती, जी मूळची असते. नग मोजले, वळणं मोजली, ०.०२५ आलं, तिथंच कळलं. त्या दिवसापासून सगळ्या सेटिंगचा कागद प्लास्टिकच्या पाकिटात घालून पेटीच्या झाकणाच्या आत चिकटवलाय, आणि त्यावर लाल पेनानं जोडणीचं चित्र काढलंय: ‘मायनस एकत्र, म्हणून $२=७’. आकड्याशेजारी कारण लिहिलं नाही तर पुढं जोडणी बदलेल आणि आकडा तसाच राहील, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू.

चाचणीत वळणांचा हात नाही असं दिसलं तर

शंभर फेऱ्यांत काटा जागचा हलत नाही, पण प्रत्यक्ष जॉबमध्ये माप सरकतं, असं असेल तर तुमचं कारण वेगळं आहे. माझ्या अनुभवात मग दोनच गोष्टी जास्त सापडतात.

एक, घोटाळा ०.१ च्या पटीत आहे. तेव्हा खरोखर दात सुटतोय. मोटर बदलायच्या आधी स्क्रू हातानं फिरवून बघा. टेबल एका टोकाला हलकं आणि दुसऱ्या टोकाला जड जात असेल तर रेल समांतर नाहीत. रेलचे बोल्ट ढिले करा, टेबल त्या जड टोकाला न्या, तिथं आवळा, मग दुसऱ्या टोकाला. पितळेचा बारीक कीस बॉलनटमध्ये गेला तरी असंच जड होतं. मी स्क्रूवर जुन्या रेक्झिनची घडीदार झूल शिवून घातलीय, तेव्हापासून नट स्वच्छ आहे.

दोन, उष्णता. आमच्या पडवीवर पत्रा आहे आणि सांगलीचा एप्रिल-मे तुम्हाला सांगायला नको. पोलादाचा ३०० मिमी स्क्रू १० अंशांनी तापला की साधारण ०.०३५ मिमी वाढतो. सकाळी सातला लावलेलं शून्य दुपारी दोनला तिथं नसतं. यावर उपाय म्हणजे मी उन्हाळ्यात बारीक काम पहाटे करतो आणि पहिली दहा मिनिटं मशीन रिकामं फिरवून मगच शून्य लावतो.

आणि लाइट गेली तर, एक सेकंद गेली तरी, आहे तिथून पुढं चालू करू नका. करंट परत आला की ड्रायव्हर मोटरला आपल्या सुरुवातीच्या जागी ओढतो आणि टेबल ०.०५ मिमीपर्यंत कुठल्याही बाजूला सरकलेलं असू शकतं. स्क्रीनला त्यातलं काही कळत नाही. कटर वर घ्या, होमिंग करा (मशीनला तिची मूळ जागा पुन्हा शोधू द्या), पहिल्या चकतीवर डायलनं शून्य पुन्हा लावा, आणि मग जिथं थांबलं होतं तो नग सोडून पुढच्या नगापासून सुरू करा.